मदत हवी आहे: 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' आता कोणी मनावर घेत नाही

विभागात ३५ माणसं, चार टीम लीड. दर महिन्याला एकाला प्रमाणपत्र आणि गिफ्ट कार्ड मिळतं. पुरस्कार पाळीपाळीने फिरतो हे सगळ्यांना कळून चुकलंय. ग्रुपवर दहा-बारा 'अभिनंदन' पडतात, बस्स. जास्तीचं बजेट नाही. बंद करावा का? आणि त्याजागी काय?

शिसपेन्सिल: बंदच करा. एकाला दिला की ३४ जण उरतात. त्यांची नाराजी नको म्हणून पाळी लागते आणि पुरस्काराला अर्थ उरत नाही.

त्याऐवजी प्रत्येक लीडने शुक्रवारी दहा मिनिटं काढून दोन नोंदी लिहायच्या: कोणी नेमकं काय केलं, आणि त्यामुळे कोणाचं काय नुकसान टळलं. 'छान काम' चालणार नाही. 'दुबार नोंद तुम्ही बिल जाण्याआधी पकडलीत, ग्राहकाला चुकीची रक्कम गेली नाही' असं हवं. ते त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. तिमाही बैठकीपर्यंत ठेवलंत तर शिळं होतं. आणि शेवटी 'पण' जोडू नका. सुधारणा सांगायची असेल तर वेगळी वेळ घ्या, नाहीतर लक्षात फक्त 'पण' राहतो.

ताळेबंद: नोंदी एका शीटमध्ये ठेवा: नाव, तारीख, काम. महिनाअखेर कोणाचं नाव एकदाही आलं नाही ते बघा. बहुधा टेस्टिंग, सपोर्ट, रात्रपाळी. यांचं काम चोख झालं की दिसतच नाही, बिघडलं की दिसतं! म्हणून आकडा भरायला कौतुक करू नका; लीडने आधी जाऊन ते काम बघावं. चारचौघांत कौतुक झालेलं काहींना अवघड वाटतं, तेही आधीच विचारून ठेवा.

उंबरठा: सहकाऱ्यांनी एकमेकांना पॉइंट द्यायची योजना मात्र आणू नका, साटंलोटं सुरू होतं. गिफ्ट कार्ड ठेवायचंच असेल तर आधी जाहीर न करता द्या. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३च्या प्रयोगात, बक्षीस मिळणार हे आधी सांगितलेल्या मुलांची चित्रं काढायची आवड नंतर घटली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची नाही. प्रयोग लहान मुलांवरचा आहे, पण इशारा म्हणून पुरेसा. बाकी, पगारवाढ रखडलेली असेल तर हे सगळं चेष्टेसारखं वाटेल.

धागाकर्ती: धन्यवाद. या नोंदी वार्षिक मूल्यमापनात धराव्यात का?

ताळेबंद: लीडने आठवण म्हणून वाचाव्यात, मोजू नयेत. मोजायला लागलात की दर शुक्रवारी नोंदींचा रतीब सुरू होईल.