मदत हवी आहे : चेक शब्द 'शातेचेक' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, चेक संगीतकार व्हीत्येस्लावा काप्रालोव्हा (१९१५–१९४०) हिच्यावर वीस मिनिटं बोलायचंय. अवघं पंचवीस वर्षांचं आयुष्य, आणि १९३८ मध्ये लंडनला बीबीसीच्या वाद्यवृंदाचं संचालनही करून झालेलं!

अडलंय ते तिच्या 'झ्बोहेम आ शातेचेक' (१९३७) या गाण्याच्या शीर्षकापाशी. कविता नेझ्वालची, निरोपाची. इंग्रजी शीर्षकात, 'वेव्हिंग फेअरवेल'मध्ये, शातेचेक गायबच. शब्दकोशात हातरुमाल आणि डोक्याला बांधायचं फडकं, दोन्ही अर्थ सापडतात. आपला 'रुमाल'ही तसा दुहेरीच, त्यामुळे गोंधळ वाढलाय.

पूर्ण कवितेचा अनुवाद नको, फक्त शीर्षक हवंय. चेक जाणणारं कुणी सांगेल का, निरोप देताना हलवतात तो हातरुमाल की डोक्यावरचा?