नुसते यार्ड मोजून कसं चालेल?

काही जण म्हणतात की अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या रिसीव्हरचे (पास झेलणाऱ्या खेळाडूचे) झेलून मिळवलेले १०,००० यार्ड नसतील, त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेऊच नये. ते मला काही पटलं नाही बुवा. लिन स्वान बघा, अख्ख्या करिअरमध्ये ३३६ कॅच, ५,४६२ यार्ड, तरी २००१ ला आत गेला. आता सुपर बोल १० (लीगची अंतिम मॅच) मधला त्याचा तो ५३ यार्डांचा कॅच आठवा, समोरच्या टीमचा बचावपटू मार्क वॉशिंग्टन अंगाला चिकटलेला, बॉल हाताला लागून उडाला आणि हा पडता पडता परत झेलतोय! त्या मॅचमध्ये चारच कॅच, पण १६१ यार्ड आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). आणि ती मॅच १९७८ च्या आधीची, तेव्हा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारे बचावपटू) रिसीव्हरला मैदानभर ढकलत न्यायचे, पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही हा नियम १९७८ ला आला आणि त्याच वर्षी सीझनही १४ चा १६ मॅचेसचा झाला. मग तराजू एकच कसा लावायचा?

उलट रिसीव्हर टॉरी होल्ट घ्या, एकूण १३,३८२ यार्ड, २००० ते २००५ सलग सहा सीझन १,३०० च्या वर, आणि तरी २०१५ ला निवडीसाठी पात्र झाल्यापासून वर्षानुवर्षं ताटकळत ठेवला. म्हणे त्याला पास टाकायला कर्ट वॉर्नर होता, बाजूला दुसरा रिसीव्हर आयझॅक ब्रूस होता, छपराखालचं मैदान होतं, म्हणून यार्ड सोपे मिळाले. अरे मग ब्रूसलाही होल्टचा फायदा झालाच की, तो बरा हॉल ऑफ फेममध्ये गेला २०२० ला!

रिसीव्हर टेरेल ओवेन्सचं तर सोडाच. १५,९३४ यार्ड असून पात्र झाल्यावर तिसऱ्या वर्षी घेतला, मग तोही रुसून कँटनला (जिथे हॉल ऑफ फेमचा सोहळा होतो) गेलाच नाही, चॅटनूगा शहरात स्वतःचाच सोहळा केला. मला तरी त्यात त्याची चूक वाटत नाही.