जननदर उतरला, मग तरुणांची बेरोजगारी का उतरत नाही?

प्रश्न : अनेक विकसनशील देशांत कुटुंबे लहान झाली आहेत. त्या मानाने कामाच्या शोधात असलेल्यांची संख्याही घटायला हवी. प्रत्यक्षात मात्र पदवीधर तरुणांतच बेरोजगारी अधिक दिसते. असे का व्हावे?

पहिले उत्तर : या हिशेबात मधली वीस वर्षे सुटतात. आज काम शोधणारा तरुण जननदर चढा असतानाच जन्मलेला आहे. शिवाय त्या मोठ्या पिढीतील मुली आता माता होत असल्याने, प्रत्येकीला दोनच अपत्ये झाली तरी एकूण जन्म लगेच कमी होत नाहीत.

दुसरे उत्तर : मला वयोगटापेक्षा मागणीचा प्रश्न मोठा वाटतो. दक्षिण कोरियात १९६०च्या सुमारास दर स्त्रीमागे सरासरी सहा अपत्ये होती, १९८०च्या दशकाच्या मध्यास ती दोनहून कमी झाली आणि नेमक्या त्याच काळात निर्यातीसाठी कापड, पादत्राणे व पुढे जहाजे बनवणाऱ्या कारखान्यांनी आधीच्या मोठ्या पिढीच्या हातांना काम दिले. ब्राझीलमध्येही जननदर बराच उतरला, पण १९८०चे दशक परकीय कर्जाच्या फेऱ्यात गेले. मुले कमी आणि कमावत्या वयाची माणसे अधिक असताना मिळू शकणाऱ्या ज्या आर्थिक फायद्याला लोकसांख्यिकीय लाभांश म्हणतात, तो आपोआप पदरात पडत नाही. आणि त्याला मुदतही असते, कारण कोरियाचा जननदर २०२३मध्ये दर स्त्रीमागे ०.७२ अपत्यांवर आला असून तिथे आता वृद्धांची चिंता आहे.

तिसरे उत्तर : कारखान्यांआधी कोरियात जमीनसुधारणा (कसणाऱ्यांना जमिनीचे वाटप) आणि सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण झाले होते, हे वगळून तुलना करू नये.

चौथे उत्तर : बेरोजगारीचा दरही जपून वाचावा. पाहणी ज्या आठवड्याची असेल त्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केले, तरी आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. गरीब घरातील मुलाला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि आकडेवारीत बेरोजगार ठरत नाही. पदवीधराला घरचा आधार असल्यास तो मनासारख्या नोकरीची वाट पाहतो व बेरोजगारांत मोजला जातो. यापेक्षा शिक्षण, रोजगार वा प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या तरुणांचे प्रमाण पाहावे. जगभरात त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुली व तरुण स्त्रिया आहेत, आणि त्यांतील बहुतेक जणी काम शोधतच नसल्यामुळे बेरोजगारीच्या दरात त्यांची नोंदही होत नाही.