हवामानाची ओढ आधीपासूनच होती
१८७५ ला हवामान खातं आलं आणि त्याआधी आपल्याकडे कुणाला पावसाच्या अंदाजाचं काही पडलेलंच नव्हतं, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी होत्याच, हवामान खात्याचा पहिला प्रमुख ब्लॅनफर्ड याने नंतर हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधला तेही मोठं काम, पण शेतकऱ्याचं काय?

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात, एकेक ढेकूळ म्हणजे पावसाळ्याचा एकेक महिना, जे जास्त भिजेल तो महिना पावसाचा. आजोबा ढेकूळ बोटांनी दाबून बघायचे, कोरडं लागलं की कपाशीची काळजी सुरू. शास्त्रीय आधार नाही, मान्य, पण तेच आजोबा पाऊस झाला की तहसीलला जाऊन पर्जन्यमापकाचा आकडासुद्धा विचारून यायचे.