आकाशगंगेच्या बाहेर तरंगणाऱ्या ढगाचं अंतर मोजतात तरी कसं?

छत्रीबागचा_बंटी:
मंडळी एक शंका डोक्यात अडकलीय. स्मिथ क्लाउड म्हणून हायड्रोजनचा ढग आहे, आपल्या आकाशगंगेवर येऊन पडतोय, अंतर म्हणे 40,000 प्रकाशवर्षं. पण हा डोळ्यांना दिसतच नाही, रेडिओवर 21 सेंटीमीटर लांबीच्या लहरींत दिसतो, त्यातून वेग कळतो, अंतर कुठे कळतं? जवळचा छोटा ढग आणि लांबचा भलामोठा, दोन्ही सारखेच दिसणार ना? मग आकडा आला कुठून, मला तर काही समजून नाही राह्यलं.

रामबागकर_काका:
अरे बंटी, रात्री सराफ्यात खायला जातोस ना? दुधाच्या कढईवर वाफ असते, मागेपुढे दुकानांचे बल्ब. वाफेच्या अलीकडचा बल्ब लख्ख, पलीकडचा धूसर. बल्ब किती लांब ते माहीत असलं की वाफ कुठल्या दोघांच्या मध्ये आहे ते कळलं. तसंच ढगाच्या दिशेचे, अंतर ठाऊक असलेले तारे पकडायचे, झालं.

रेषावाली:
काका उपमा झकास, पण तारा धूसर होत नाही हो, ढग फारच विरळ असतो. ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, बारीक काळी रेष उमटते, बहुतेक वेळा कॅल्शियमची, 393.4 नॅनोमीटरला. आता अशी रेष ताऱ्याची स्वतःची असते, वाटेतल्या जवळच्या गॅसचीही असते, मग ढगाची कोणती? तर ढग समजा सेकंदाला 150 किलोमीटरनं आपल्याकडे येतोय, तर त्याची रेष 0.2 नॅनोमीटर निळ्याकडे सरकलेली असणार. रेडिओतून आलेल्या वेगाशी ती जुळली की ढग ताऱ्याच्या अलीकडे, नक्की. युक्तीचं मूळ जुनं आहे, 1904 साली हार्टमन नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं मृगातल्या डेल्टा ओरायनिस या ताऱ्यात बघितलं की जोडताऱ्याच्या बाकी रेषा मागेपुढे डोलतायत आणि कॅल्शियमची एक जागची हलत नाहीये, म्हणजे ती ताऱ्याची नाहीच, वाटेतल्या गॅसची!

छत्रीबागचा_बंटी:
वा भिया! म्हणजे रेष नाही दिसली तर ढग पलीकडे?

रेषावाली:
भिया नाही, ताई म्हण 😄 आणि इथेच फसतात लोक. ढग फाटक्या गोधडीसारखा असतो, नेमकी ताऱ्यासमोर भोकाची जागा आली तर? किंवा कॅल्शियमच कमी असेल, किंवा स्पेक्ट्रम इतका खरखरीत की रेष असूनही बुडून गेली. म्हणून त्याच दिशेला हायड्रोजन किती ते रेडिओवर मोजतात, ढगामागच्या ताऱ्यात जेवढं कॅल्शियम दिसलं त्यावरून या ताऱ्यात किती दिसायला हवं होतं ते काढतात, आणि तेवढी रेष नक्की दिसली असती इतकं निरीक्षण चांगलं असेल तरच "ढग पलीकडे" म्हणायचं. स्मिथ क्लाउडला 2008 च्या सुमारास असंच साधारण 34,000 ते 47,000 प्रकाशवर्षांच्या मध्ये कोंडला. तुझा 40,000 त्यातलाच.

रामबागकर_काका:
पण ताई, मुळात बल्बचं अंतर कोण सांगणार? पृथ्वी फिरताना तारा किती सरकलेला दिसतो तो पॅरॅलॅक्स, एवढ्या लांब म्हणजे नावापुरताच की.

रेषावाली:
म्हणून एका वॅटचे बल्ब शोधतात काका. आरआर लायरी म्हणजे ठरावीक वेळाने तेज कमीजास्त होणारे तारे, नाहीतर हॉरिझॉन्टल ब्रँच नावाच्या गटातले म्हातारे निळे तारे, यांची खरी चमक जवळपास ठरलेली, दिसतो किती मंद त्यावरून अंतर. निळे तारे तर सोयीचेच, गरम असल्यानं त्यांच्या स्वतःच्या रेषा कमी, मधे लुडबुड नाही. असे वेगवान ढग 1963 पासून माहीत होते, पण कॉम्प्लेक्स ए नावाच्या ढगाची रेष 33,000 प्रकाशवर्षांवरच्या एका आरआर लायरीत मिळाली, ते जाहीर व्हायला 1999 उजाडलं. योग्य जागी तारा तर हवा!

छत्रीबागचा_बंटी:
ताई तो हार्टमनवाला तारा गच्चीवरून दिसेल का? मृगाचा बाण ओळखता येतो मला.

रेषावाली:
बाणातल्या तिघांपैकी जो आधी उगवतो, तोच.