एसपीएफ लावलेलं असूनही आमच्या नावाने खोटं बिल गेलं, कसं काय?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. परवा एका कस्टमरला आमच्या अकाउंट्सच्या ईमेल आयडीवरून बिल गेलं आणि खाली बँक खातं भलतंच. सेंटमध्ये तो मेल नाहीच, लॉगिन हिस्टरीत पण बाहेरचं कोणी दिसत नाही. त्यांनी पैसे टाकायच्या आधी फोन केला म्हणून वाचलो. वेबसाइटवाला म्हणतो एसपीएफ आहे, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी लावलेली आहे, काळजी नको. मग हे झालं कसं?

मेलअॅडमिन_पुणे:
दादा, यासाठी तुमच्या खात्यात शिरायची गरजच नसते. एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची मूळ पद्धत, १९८२ ची आहे, पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय त्यात नव्हतीच. मेलला दोन पत्ते असतात, एक पाकिटावरचा जो सर्व्हर बघतात आणि एक आतल्या कागदावरचा जो आपल्याला दिसतो. एसपीएफ फक्त पाकिटावरचा तपासतं. चोर तिथे स्वतःचं डोमेन टाकतो, एसपीएफ पास होतं, आणि आत तुमचं नाव लिहितो. ही फट डीमार्क बुजवतं. दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने (मेलवरची डिजिटल सही) पास झालेलं डोमेन जुळतंय का ते बघतं, दोन्हीपैकी एकही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते तुम्ही डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदींमध्ये) सांगून ठेवायचं. कस्टमरकडून तो मेल फाइल म्हणून मागवा, नुसता फॉरवर्ड नको, मूळ हेडर (मेल कुठून आला, तपासण्यांत काय झालं त्या नोंदी) त्यात येत नाहीत.

शिरोलीकर:
मागवला. एसपीएफ पास, पण कुठल्या तरी अनोळखी डोमेनचा. डीकेआयएम नाही, डीमार्क पुढे नन लिहिलंय, म्हणजे आमचं डीमार्क लावलेलंच नाही. मग आजच रिजेक्ट, म्हणजे न जुळणारा मेल नाकाराच, असं लावून टाकू का?

अनघा_एन:
अहो थांबा, लगेच नको! आधी डीकेआयएम चालू करा, म्हणजे तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर प्रायव्हेट की ने सही करेल आणि पब्लिक की डीएनएसमध्ये राहील. मग डीमार्क लावा, पण पॉलिसी नन (काही अडवू नका) ठेवून रिपोर्ट मागवा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते त्यात दिसतं आणि बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म, एचआरचं पोर्टल असले विसरलेले सगळे बाहेर येतात. ते नीट केल्याशिवाय रिजेक्ट लावलं तर तुमचीच बिलं अडकतील. शिवाय मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुतेक वेळा तुटतं, मजकूर बदलला नसेल तर डीकेआयएम टिकतं, म्हणून नुसत्या एसपीएफवर अवलंबून राहूच नका. सगळं जुळलं की क्वारंटाइन (संशयित मेल स्पॅममध्ये), मग रिजेक्ट. पण कृपा करून ननवरच सोडून देऊ नका, त्याने एकही खोटा मेल अडत नाही. आणि एसपीएफ रेकॉर्डमध्ये वेंडर भरत सुटू नका, त्यांच्यामुळे डीएनएसमध्ये शोधाव्या लागणाऱ्या नोंदी (लुकअप) वाढतात आणि दहापेक्षा जास्त झाल्या की तपासणीच फेल.

मेलअॅडमिन_पुणे:
अनघाताईंशी सहमत. फक्त एक, तुमच्या नावात एक अक्षर बदलून कोणी नवीन डोमेन घेतलं तर डीमार्क काही करू शकत नाही, कारण त्या डोमेनचं स्वतःचं सगळं पास असतं. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं ते यासाठीच, ते डोमेन बाकी कोणाला मिळत नाही. तुम्हा-आम्हाला तशी सोय नाही. म्हणून सगळ्या कस्टमरना आजच कळवा, बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे टाकू नका, मेलमधल्या नंबरवर तर अजिबात नको.