‘स्ट्रेप थ्रोट’ला मराठीत काय म्हणावं?

शाळेतल्या पालकांसाठी या जिवाणूंमुळे होणाऱ्या घशाच्या आजाराचं पत्रक मराठीत करतेय. ‘घसादुखी’ फारच मोघम वाटतं. ‘घटसर्प’ चालेल का?

— अजिबात नको! घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. त्यात घशात राखाडी, चिवट पडदा धरतो, खरवडला तर रक्त येतं. स्ट्रेपमध्ये टॉन्सिल लालबुंद सुजतात आणि त्यांवर पांढरट-पिवळे ठिपके दिसतात. घटसर्प छापलंत तर शाळेत गोंधळ उडेल.

— स्ट्रेपच्या जिवाणूला (स्ट्रेप्टोकॉकस) ‘मालागोलाणू’ हा शब्द आहे, कारण ते गोल आणि माळेत ओवल्यासारखे असतात. म्हणून ‘मालागोलाणुजन्य घसादाह’. बरोबर आहे, पण पालक पत्रक तिथेच खाली ठेवतील.

— नामापेक्षा क्रियापदं बघा, मराठी तिथे श्रीमंत आहे. घसा खवखवतो, घसा बसतो. आवाज बसलाय, खोकला आहे, नाक गळतंय, तर बहुतेक वेळा ते विषाणूंचं काम. स्ट्रेपचं पोर सकाळी ठणठणीत असतं आणि संध्याकाळी तापाने फणफणतं, आवंढाही गिळवत नाही म्हणतं. टॉर्च लावून पाहिलं तर टाळूच्या मागच्या भागात, पडजिभेजवळ, बारीक लाल टिपके दिसू शकतात. जबड्याच्या कोनाखाली गाठी येतात, दाबल्या की दुखतात.

— आमच्याकडे अशा गाठीला ‘अवधाण आलं’ म्हणतात.

— तो शब्द जास्त करून जांघेतल्या, काखेतल्या गाठीला वापरतात, पायाला जखम झाली की येते ती. पत्रकात ‘मानेत दुखऱ्या गाठी’ एवढंच लिहा. आणि ‘गालगुंड’ नको, ती कानाखालची लाळग्रंथीची सूज.

— लहान मुलं कधीकधी घशाचं नावच काढत नाहीत, पोट दुखतं म्हणतात, उलटी करतात. अंगावर पॉलिशपेपरसारखं खरखरीत पुरळ आलं तर तो लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर), जंतू तोच.

— पण नुसतं पाहून खात्री होत नाही, हे ठळक छापा. ताप, टॉन्सिलवरचे ठिपके, मानेतल्या दुखऱ्या गाठी, खोकला नसणे हे अमेरिकी डॉक्टर सेंटॉर यांचे १९८१चे चार निकष. चारही जुळले तरी साधारण निम्म्यांतच तपासणीत स्ट्रेप निघतो. निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, नाहीतर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना धोका.

— मग शीर्षक ‘स्ट्रेपची घसादुखी’ ठेवते. आणि तपासणीला ‘घशातील स्राव’ की ‘स्वॅब’?

— स्वॅब. कोविडनंतर तो आजीलाही कळतो.